एचटीएमएल मजकुरातील लिंकचे पत्ते रेजेक्सने बदलताना

वार्तापत्राचा मजकूर एचटीएमएल स्ट्रिंगच्या रूपात हाती आहे आणि त्यातील प्रत्येक लिंकच्या पत्त्याला ‘स्रोत=पत्रक’ ही जोड द्यायची आहे, असे समजा. हे काम रेग्युलर एक्स्प्रेशनने (थोडक्यात रेजेक्सने, म्हणजे मजकुरातील ठरावीक घडण शोधणाऱ्या पॅटर्नने) जरूर करावे. मात्र रेजेक्सने पत्ता फक्त शोधावा, त्यात बदल करण्याचे काम पत्ता उलगडणाऱ्या तयार फंक्शनवर सोपवावे, असे माझे ठाम मत आहे.

आधी शोधण्याचे पाहू. लिंकचा पत्ता टॅगच्या एचरेफ (href) या गुणधर्मात असतो. त्यासाठी एचरेफ="(.*)" हा पॅटर्न सहज सुचतो, पण तो अधाशी आहे, म्हणजे शक्य तितका जास्त मजकूर गिळतो: एकाच ओळीत दोन लिंक असल्या, तर पहिल्या लिंकच्या सुरुवातीपासून दुसरीच्या शेवटच्या अवतरणचिन्हापर्यंतचा सगळा मजकूर तो एकच पत्ता समजतो. "([^"]*)" असे लिहिल्यास ही अडचण सुटते. पत्ता एकेरी अवतरणचिन्हांतही असू शकतो, म्हणून (["'])(.*?)\1 हे रूप अधिक भरवशाचे, ज्या चिन्हाने सुरुवात झाली त्याच चिन्हाशी ते थांबते. बरोबरीच्या चिन्हाभोवती मोकळी जागा चालू द्यावी आणि लहान-मोठ्या लिपीतला भेद बंद ठेवावा. एचरेफच्या आधी मात्र मोकळी जागा असलीच पाहिजे अशी अट घालावी, नाहीतर ‘डेटा-एचरेफ’ हेही तावडीत सापडते. तेथे शब्दसीमेची खूण पुरत नाही, कारण जोडरेघेनंतरही शब्दसीमा धरली जाते. स्टाइलशीट जोडणाऱ्या टॅगलाही एचरेफ असतो, त्यामुळे पॅटर्नची सुरुवात लिंक तयार करणाऱ्या अँकर टॅगपासूनच (<a>) करावी.

आता बदल. जावास्क्रिप्टच्या रिप्लेस आणि पायथनच्या सब या फंक्शनांना बदली मजकुराऐवजी आपले स्वतःचे फंक्शन देता येते. पीएचपीत त्यासाठी कॉलबॅक, म्हणजे आपण दिलेले फंक्शन, स्वीकारणारे वेगळे फंक्शन आहे. याची गरज का पडते, ते /लेख/पाऊस?पान=2#टिपा या पत्त्यावरून कळेल. याच्या शेवटी नुसती जोड चिकटवली, तर ती # च्या मागे जाते, आणि # पासूनचा भाग ब्राउझर सर्व्हरकडे पाठवतच नाही. योग्य पत्ता /लेख/पाऊस?पान=2&स्रोत=पत्रक#टिपा असा होतो.

येथे एक सापळा आहे. एचटीएमएलमध्ये & हे चिन्ह पुष्कळदा &#38; असे लिहिलेले असते. ते मूळ रूपात न आणता पत्ता उलगडला, तर त्यातल्याच # पाशी पत्ता तुटतो. म्हणून आधी एन्टिटी (एखाद्या चिन्हाऐवजी लिहिलेल्या अशा खुणा) उकलाव्यात, मग पत्ता उलगडून जोड द्यावी आणि परत ठेवताना & व अवतरणचिन्हे पुन्हा एन्टिटीत बदलावीत. जोड ‘वाढवू’ नये, ‘ठेवावी’, आधीची असल्यास तिच्याच जागी; म्हणजे स्क्रिप्ट दोनदा चालली तरी ती दोनदा लागणार नाही. ईमेलचे, दूरध्वनीचे आणि नुसत्या # ने सुरू होणारे पत्ते जसेच्या तसे परत करावेत.

मराठी पत्त्यांबाबत आणखी एक काळजी घ्यावी लागते. यूटीएफ-8 या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते आणि पत्त्यातील टक्का-चिन्हाच्या रूपात (उदा. %E0) प्रत्येक बाइटाला तीन अक्षरे लागतात, त्यामुळे ‘पाऊस’ची चार चिन्हे 36 अक्षरांची होतात. पत्त्यात ‘पाऊस’ शोधायचा असेल, तर पत्ता आधी डीकोड करावा, म्हणजे मूळ अक्षरांत आणावा.

एचटीएमएल बाहेरच्या माणसांनी लिहिलेले असेल, त्यात टिप्पण्या किंवा स्क्रिप्ट असतील, तर रेजेक्स बाजूला ठेवून डॉम पार्सरच (एचटीएमएलची टॅगनिहाय रचना उलगडणारे साधन) वापरावा.