एकोणिसाव्या शतकातला पियानो घ्यायचाय? नाव नंतर वाचा, आधी खुंट्या बघा

जुना पियानो बघायला गेलेला माणूस पहिलं काय करतो, तर पट्ट्यांवरचं झाकण उघडतो, सोनेरी अक्षरांतलं नाव वाचतो, आणि ते ब्रॉडवुड किंवा बेखस्टाइन असं एखाद्या नामांकित कंपनीचं निघालं की मनातल्या मनात पैसे देऊन मोकळा होतो. इथं इंग्लंडमध्ये कुणाचं घर रिकामं करताना असे पियानो कधीकधी फुकटात निघतात, आपल्या मंडळींची मुलं पियानो शिकायला लागलेली असतात, मग मला फोटो येतात, ताई घेऊ का. फोटोत पॉलिश दिसतं, बाकी काही दिसत नाही. म्हणून मी प्रत्यक्ष कसा बघते ते एकदाच लिहून ठेवते.

आधी वय काढा

सिरियल नंबर शोधा, ग्रँड, म्हणजे आडव्या तारांचा मोठा पियानो असेल तर आतल्या लोखंडी फ्रेमवर किंवा साउंडबोर्डवर, म्हणजे तारांखालच्या घुमणाऱ्या लाकडी फळीवर, उभा असेल तर वरचं झाकण उघडून आत. नंबरावरून साल सांगणाऱ्या याद्या नेटवर मिळतात, फक्त ब्रॉडवुडनं ग्रँड, स्क्वेअर (आडव्या आयताकृती पेटीसारखे) आणि उभे यांचे नंबर वेगवेगळे चालवले होते, चुकीच्या यादीत बघितलंत की बरीच वर्षं इकडची तिकडं होतात. नंबर दिसतच नसेल तर मालकाला विचारून डावीकडची पहिली पट्टी बाहेर काढा आणि तिच्या लाकडी कडेवर बघा. तिथं पुष्कळदा नंबर ठोकलेला असतो, आणि नशीब असेल तर कुणा कारागिरानं पेन्सिलीनं केलेली सहीसुद्धा.

मग पदकं वाचा. झाकणाच्या आत किंवा साउंडबोर्डवर प्रदर्शनांतल्या पदकांची चित्रं छापलेली असतात, लंडन १८५१, पॅरिस १८६७, व्हिएन्ना १८७३, फिलाडेल्फिया १८७६ अशी. त्यातलं सगळ्यात अलीकडचं साल धरायचं, पियानो त्याच्या आधीचा असूच शकत नाही. पण पदक आहे म्हणजे माल उत्तम असं समजू नका, तो धंद्याचा भाग होता. १८६७ ला पॅरिसमध्ये स्टाइनवे आणि चिकरिंग या दोन्ही अमेरिकन कंपन्यांना सुवर्णपदक मिळालं, चिकरिंगला वर लीजन ऑफ ऑनर हा फ्रेंच सरकारी सन्मानही, आणि मग अमेरिकेत दोघंही ‘खरे पहिले आम्हीच’ अशा जाहिराती देत एकमेकांवर तुटून पडले.

नावाच्या बाबतीत एकच सांगते, स्पेलिंग एकेक अक्षर करून वाचा. मोठ्या नावाशी मिळतंजुळतं नाव रंगवून सुमार पियानो खपवायचे उद्योग तेव्हाही जोरात होते.

घडण ओळखा

वरून तारा बघा. सगळ्या समांतर असतील तर जुनी पद्धत, खर्जाच्या तारा बाकीच्यांवरून तिरक्या गेल्या असतील तर नवी, जिचं ग्रँडसाठीचं पेटंट स्टाइनवेनं १८५९ मध्ये घेतलं. मग लोखंड बघा. बॉस्टनच्या बॅबकॉकनं १८२५ मध्ये स्क्वेअर पियानोसाठी एकसंध ओतीव फ्रेम केली, चिकरिंगनं १८४३ मध्ये ती ग्रँडला आणली, आणि लंडन-पॅरिसवाले मात्र पुढं कितीतरी वर्षं लाकडी सांगाड्यावर लोखंडी दांड्या बसवत राहिले. याला मागासलेपणा म्हणणारे भरपूर आहेत, मला ते अजिबात पटत नाही. पॅरिसच्या एरार कंपनीचा, समांतर तारांचा नीट राखलेला पियानो ऐका, खर्ज, मध्य आणि तार सप्तक, तिन्हींचा रंग वेगवेगळा ऐकू येतो, आणि आजच्या पियानोत नेमका तोच घासून एकसारखा केलेला असतो. शिवाय ज्या एरारला जुनाट म्हणता त्याचीच १८२१ ची डबल एस्केपमेंट, म्हणजे पट्टी पूर्ण वर यायच्या आत तोच सूर पुन्हा वाजवता येण्याची सोय, आजच्या ग्रँडमध्ये सुधारलेल्या रूपात बसलेली आहे.

ब्ल्यूथनर कंपनीचा असेल तर वरच्या सप्तकांत चौथी तार आहे का बघा. हॅमर, म्हणजे तारेवर आपटणारी हातोडी, तिला लागतच नाही, ती सतारीच्या तरफेच्या तारांसारखी नुसती घुमते, पेटंट १८७३ चं.

उभ्या पियानोत हॅमरच्या पुढं तारांचा पिंजरा दिसला तर तो बर्डकेज. डँपर, म्हणजे तारेचा सूर थांबवणाऱ्या गाद्या, वरच्या बाजूला असतात, सूर नीट बंद होत नाही, आणि ट्यूनिंगवाला फोनवरच कुरकुर करतो. शिकणाऱ्या मुलासाठी घेऊ नका, कितीही सुंदर दिसला तरी.

खुंट्या

आता खरं काम. या टप्प्यानं मला सगळ्यात जास्त छळलंय आणि यावरच सगळ्यात भिकार सल्ले मिळतात, म्हणून इथं वेळ घालवा, बाकी घाईत उरकलंत तरी चालेल.

पियानोत दोनशेच्या वर तारा असतात, प्रत्येक तार एका लोखंडी खुंटीला गुंडाळलेली आणि ती खुंटी लाकडाच्या जाड फळीत ठोकलेली, तिला पिनब्लॉक म्हणतात. खुंटीला आटे बिटे काही नसतात, नावापुरते बारीक चरे असतात, बाकी सगळी पकड लाकडाची. आणि शतकाच्या अखेरच्या मोठ्या ग्रँडवर सगळ्या तारांचा मिळून ताण पंधरा-वीस टनांच्या घरात जातो. तंबोऱ्याची खुंटी घसरायला लागली तर खडू लावून दाबता येते, इथं फळीनं दम सोडला की एक तर फळी बदला नाहीतर फर्निचर म्हणून ठेवा, आणि फळी बदलायची म्हणजे सगळ्या तारा उतरवायच्या, तो खर्च बहुतेक पियानोंच्या किमतीपेक्षा जास्त होतो.

पहिली परीक्षा कानानं आणि फोनवरच्या ट्यूनरनं. खालपासून वरपर्यंत एकेक पट्टी वाजवा. सगळा पियानो सारखाच उतरलेला असेल, अगदी अर्धा सूर खाली असला तरी, घाबरू नका, त्याला कुणी वर्षानुवर्षं हात लावलेला नाही एवढंच. पण एकाच पट्टीच्या तीन तारांपैकी दोन जागेवर आणि तिसरी भलतीकडंच, अशा पट्ट्या विखुरलेल्या सापडल्या तर खुंट्या घसरतायत. ‘ट्यून केला की होईल ठीक’ असं विकणारा सांगणारच. होतो ठीक, पुढच्या आठवड्यापर्यंत.

दुसरी परीक्षा डोळ्यानं. खुंट्यांच्या बुडाशी तपकिरी चिकट डाग दिसला तर कुणीतरी सैल खुंट्या घट्ट करायचं औषध ओतलंय. गंजलेल्या खुंट्यांच्या रांगेत मधेच चारदोन चकचकीत आणि जाड खुंट्या दिसल्या तर भोकं मोठी झाली होती. खुंटीच्या कडेनं पुठ्ठ्याची किंवा सँडपेपरची कड डोकावत असेल, किंवा खुंट्या ठोकून इतक्या आत घातल्या असतील की तारेचे वेढे लाकडाला टेकलेत, तर नमस्कार करा आणि निघा. समांतर तारांच्या जुन्या इंग्लिश पियानोत फळी वरून उघडी दिसते, एका खुंटीपासून दुसरीपर्यंत धावणारी बारीक चीर टॉर्च तिरका धरून शोधा. एकसंध फ्रेमच्या पियानोत फळी लोखंडाखाली झाकलेली असते, तिथं आतली यंत्रणा बाहेर काढून खालून बघावं लागतं, आणि ती सरकवताना एकाही पट्टीवर हात पडता कामा नये, नाहीतर हॅमरची मान मोडते.

तिसरी परीक्षा हातानं, आणि ती परवानगी असेल तरच. खुंटी फिरवायची चावी योग्य हवी. त्या काळच्या बऱ्याच इंग्लिश खुंट्यांची डोकी आयताकृती असतात, त्यांवर आजची चांदणीच्या तोंडाची चावी बसत नाही, जबरदस्तीनं बसवलीत तर डोकं झिजतं. खर्जातली, मधली आणि वरची अशा थोड्या खुंट्या निवडा. आधी किंचित उतरवा, मग चढवा. थेट चढवू नका हे दहादा सांगते, शंभर-दीडशे वर्षांची गंजलेली तार फाटकन तुटते आणि तोंडाजवळून जाते. खुंटी घट्ट आणि एकसारखी फिरली तर उत्तम. कट्कन उडी मारून फिरली तरी जगता येतं, ट्यून करणाऱ्याला त्रास होतो इतकंच. लोण्यात फिरल्यासारखी फिरली आणि चावी सोडताच सूर खाली आला तर विषय संपला.

हे हवा कोरडी असताना करा. दमट हवेत लाकूड फुगतं आणि सैल खुंटीसुद्धा शहाण्यासारखी धरून बसते, म्हणून इथं हिवाळ्यात हीटर चालू असताना बघायचं, आणि मुंबईत किंवा गोव्यात कुणाच्या जुन्या घरातला बघायचा असेल तर भर पावसात मुळीच नाही.

सैल खुंट्यांच्या बुडाशी सुपरग्लू ओतण्याचा सल्ला सगळीकडं दिसतो. साध्या उभ्या पियानोला आणखी काही वर्षं रेटायचं असेल तर ओता बापडे, चांगल्या एरारला किंवा ब्रॉडवुडला त्यापासून लांब ठेवा, पुढं ज्याला खरी दुरुस्ती करायचीय तो तुम्हाला शिव्या देईल.

बाकीचं

साउंडबोर्डला चीर आहे म्हणून पियानो मेला असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. त्याच्या खालून आधाराला लावलेल्या लाकडी कांबी नीट चिकटलेल्या आहेत आणि जोरात वाजवल्यावर खरखर येत नाही, एवढं बघा. हॅमरचं फेल्ट कसरीनं खाल्लं असलं तरी बदलता येतं.

पट्ट्या हस्तिदंती आहेत का ते सांध्यावरून कळतं. हस्तिदंत सहसा दोन तुकड्यांत लावायचे, काळ्या पट्ट्या सुरू होतात तिथं केसासारखी रेघ दिसते. गरम सुई टोचून बघा असं सांगणारे महाभाग आहेत, सेल्युलॉइड निघालं तर पेट घेईल. यूकेत २०२२ पासून असा पियानो विकायचा तर नोंदणी लागते, १९७५ च्या आधीचा आणि हस्तिदंत २० टक्क्यांपेक्षा कमी असेल तरच ती मिळते, त्यामुळं विकणाऱ्याकडं कागद मागा. देशाबाहेर न्यायचा असेल तर आधी दोन्हीकडच्या परवानग्यांचं बघा, मग पैसे द्या.

घेतलात तर लगेच ४४० ला, म्हणजे मधल्या A सुराची सेकंदाला ४४० कंपनं या आजच्या मापाला, चढवून मागू नका. ४४० हे १९३९ चं ठरलेलं माप. फ्रेंचांनी १८५९ मध्ये ४३५ ठरवलं होतं आणि लंडनमध्ये त्याच काळात ४५२ च्या आसपास वाजवत होते, म्हणजे आकड्याला काही पावित्र्य नाही. लाकडी सांगाड्याचा पियानो जिथं शांत बसतो तिथं थोडा खालीच ठेवा, आणि चढवायचाच असेल तर टप्प्याटप्प्यानं, मध्ये काही आठवडे जाऊ देऊन.

हलवायला पियानोवालेच बोलवा, सोफा हलवणारे नकोत. घरी आला की रेडिएटरपासून लांब ठेवा आणि पहिलं ट्यूनिंग दोन-तीन आठवड्यांनी करा.