शिडाच्या होडीत वल्ही कशी ठेवावीत

कोकण किनाऱ्यावर पहाटेचा मतलई वारा पडल्यानंतर दुपारचा वायव्येकडील वारा सुटेपर्यंत मधला काही काळ शीड नुसते लोंबकळत राहते. अशा वेळी, उदाहरणार्थ देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तशा मुखाशी, ओहोटीची ओढ लागली तर होडी पाहता पाहता वाळूच्या दांड्यावर जाते. म्हणून वल्हे होडीत कुठे मावते यापेक्षा ते किती लवकर हाती येते, हे आधी पाहावे.

४.५ फूट रुंदीच्या होडीला साधारण ८.५ फूट लांबीचे वल्हे लागते, आणि १४ फुटी होडीत डोलकाठी, बसायच्या फळ्या व माणसांचे पाय सांभाळून ते बसवणे सोपे नाही. फळ्यांखाली सरकवलेले वल्हे नीटनेटके दिसते खरे. पण काढताना बसलेल्यांना उठवावे लागते, शिवाय तळातल्या पाण्यात पाते भिजून कुजते. त्यापेक्षा दोन्ही काठांना आतून लागून, फळ्यांच्या वर, एकेक वल्हे ठेवावे. पाते नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडे, आणि मूठ मागे सुकाणूकडे असावी.

नाळेजवळ काठाला दोरीचा कायमचा फास बसवून त्यात फक्त पात्याचे टोक अडकवावे, आणि मुठीकडची बाजू सुरगाठीने बांधावी. मोकळे टोक ओढले, वल्हे वीतभर मागे घेतले की ते सुटले पाहिजे. काथ्याची दोरी भिजल्यावर गाठ आवळून बसते, तर गुळगुळीत नायलॉनवर ती घसरते. विणलेली मऊ दोरी घेऊन एक वेढा जास्त द्यावा. मूठ काठाच्या वर डोकावू देऊ नये, कारण होडी वळवताना शिडाची दोरी नेमकी तिथेच अडकते. दर वेळी निघण्यापूर्वी ती दोरी वल्ह्यावरून मोकळी जाते आहे ना, हे हाताने चाचपून पाहावे.

लाकडी वल्हे तरंगते, या भरवशावर ते सुटे ठेवू नये; होडी कलंडली तर लाटांबरोबर ते हाताबाहेर जाते. वल्हवताना वल्हे ज्यांना टेकते ते काठावरचे सुटे खुंटेही दोरीने होडीलाच बांधलेले असावेत, नाहीतर ऐनवेळी वल्ही आहेत आणि खुंटे नाहीत अशी गत होते.

पावसाळ्यात होडी वर ओढल्यावर वल्ही भिंतीला तिरकी टेकवू नयेत, ती वाकतात. गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून, तीन ठिकाणी आधार देऊन छपराखाली आडवी ठेवावीत. पात्याला तेल किंवा वॉर्निश चालेल, मुठीला मात्र वॉर्निश लावू नये. त्याने हाताला फोड येतात.