बाहेरून रनिंग शूज मागवताय? आधी या चुका टाळा

माझा पाय पुढून रुंद आहे. मापाचा बूट घातला की करंगळी घासते आणि एक नंबर मोठा घेतला की टाच निसटते, मग वीस किलोमीटरनंतर नख काळं पडणं ठरलेलंच. यावर खरा इलाज म्हणजे २ई विड्थ (पुरुषांच्या बुटातलं रुंद माप), पण ती इथल्या दुकानात क्वचितच मिळते, म्हणून मी अमेरिकेतल्या साइटवरून फॉरवर्डरमार्फत शूज मागवायला लागलो. फॉरवर्डर म्हणजे काय, तर तो तुम्हाला तिथल्या वेअरहाऊसचा पत्ता देतो, दुकानवाला माल तिथे पाठवतो आणि तिथून तो आपल्या घरी येतो. आमच्या सकाळच्या पळायच्या ग्रुपमधल्या बऱ्याच जणांनी हे माझं बघून केलं, आणि त्यातले बरेच जण त्याच त्याच ठिकाणी अडकले.

सगळ्यात जास्त पैसे जातात ते वजनाच्या हिशोबात. लोक म्हणतात बुटाची जोडी अर्धा किलोची, खोक्यासकट नऊशे ग्रॅम, म्हणजे एक किलोचं शिपिंग धरू. तसं नसतं. कुरिअरवाले खरं वजन आणि व्हॉल्युमेट्रिक वजन यातलं जे जास्त असेल ते धरतात, आणि व्हॉल्युमेट्रिक म्हणजे लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५००० (इंचात मोजलं तर १३९ ने भागून पौंडात येतं, गोष्ट तीच). आता बुटाचं खोकं दुकानाने अजून एका कार्टनमध्ये घालून पाठवलं आणि ते कार्टन ४० बाय ३२ बाय १८ निघालं तर होतात ४.६ किलो! नऊशे ग्रॅमच्या मालाचे साडेचार किलोचे पैसे. तेच फॉरवर्डरला सांगून दोन्ही खोकी काढायला लावली, बूट एकात एक उलटसुलट ठेवून पिशवीत पॅक करून घेतले, तर साधारण ३२ बाय २० बाय ११ मध्ये बसतात, म्हणजे १.४ किलो. रिपॅकिंगचे थोडे पैसे लागतात पण ते द्याच. फक्त आतला कागदाचा बोळा काढू नका असं बजावून सांगा, नाहीतर टाचेचा कप चेपून येतो.

पण खोकं काढायला सांगायच्या आधी फोटो मागवा. बुटाच्या जिभेच्या आतलं लेबल, त्यावर साइज आणि मॉडेल नंबर असतो, तो फोटो नीट झूम करून बघा. माझ्या एका ऑर्डरला डाव्या बुटावर ९ आणि उजव्यावर ९.५ होतं, माल अमेरिकेतच होता म्हणून दुकानाने बदलून दिला. तेच इथे आल्यावर कळलं असतं तर परत पाठवायचा खर्च बुटाच्या किमतीच्या घरात गेला असता.

साइजचं सांगायचं तर यूके नंबर विसरा. यूएस ९ म्हणजे नाइकी आणि असिक्समध्ये यूके ८, पण आदिदासमध्ये यूके ८.५, त्यामुळे 'मला आठ नंबर लागतो' यावर भरवसा ठेवून ऑर्डर केली की फसलात. ब्रँडच्या चार्टमध्ये सेंटिमीटरचा कॉलम असतो तो बघा, आणि संध्याकाळी, पाय जरा सुजलेले असताना, भिंतीला टाच लावून दोन्ही पाय मोजा, मोठा निघेल तो धरा. बायकांनी विड्थ बघताना अजून एक लक्षात ठेवा, पुरुषांच्या बुटात डी म्हणजे नॉर्मल पण बायकांच्या बुटात नॉर्मल म्हणजे बी, डी म्हणजे वाईड.

आता कस्टम. ड्यूटी फक्त बुटाच्या किमतीवर लागते असं धरून बरेच जण बजेट काढतात, आणि मग कुरिअरवाल्याचा मेसेज आला की धक्का बसतो. बुटाची किंमत, शिपिंग, इन्शुरन्स या बेरजेवर बेसिक ड्यूटी, असेल तो सरचार्ज, आणि मग या सगळ्यावर आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी), वरून कुरिअर कंपनीची स्वतःची फी वेगळी. म्हणजे शिपिंग वाचवलं की ड्यूटीपण वाचते, म्हणून वरचं खोक्याचं एवढं लांबण लावलं. दर बजेटमध्ये बदलतात, त्यामुळे कुणाचा दोन वर्षांपूर्वीचा हिशोब धरू नका, ऑर्डरच्या दिवशीचा बघा.

'गिफ्ट म्हणून लिहायला सांग' हा सल्ला अजून फिरतो, कृपा करून ऐकू नका. पूर्वी पाच हजारापर्यंतचं गिफ्ट ड्यूटीशिवाय यायचं, ते डिसेंबर २०१९ मध्ये बंद झालं, सूट राहिली ती जीवरक्षक औषधांना आणि राखीला. किंमत कमी दाखवणं तर त्याहून वाईट, पार्सल अडकतं, कस्टमवाले बिल आणि बँक स्टेटमेंट मागतात, आणि खोटं उघडं पडलं की दंड. खरी भरलेली किंमत लिहा, डिस्काउंट धरून, आणि बिलाची पीडीएफ हाताशी ठेवा. तसंच ग्रुपने मिळून सहा जोड एकाच नावावर मागवू नका, तो धंद्याचा माल वाटतो आणि मग आयात-निर्यात करणाऱ्यांचा कोड (आयईसी) मागतात.

नावाचा घोळ आपल्याकडे फार होतो. केवायसीला आधार किंवा पासपोर्टसारखं ओळखपत्र लागतं आणि पार्सलवरचं नाव त्याच्याशी जुळावं लागतं. आमच्यातल्या एका ताईंचं बँकेचं कार्ड माहेरच्या आडनावाचं, आधार सासरच्या, फॉरवर्डरच्या अकाउंटवर नुसतं पहिलं नाव, पार्सल बारा दिवस पडून राहिलं. अकाउंट उघडतानाच आधारवरचं नाव जसंच्या तसं टाका.

पत्ता लिहिताना स्वीट नंबर (फॉरवर्डर प्रत्येकाला देतो तो वेगळा नंबर) गाळू नका. त्या एका पत्त्यावर हजारो लोकांची पार्सलं येतात, नंबर नसेल तर कुणाचं ते कळत नाही. तसं झालंच तर ट्रॅकिंग नंबर आणि बिल पाठवून क्लेम करा, लगेच करा, कारण फुकट ठेवायचे दिवस संपले की भाडं सुरू होतं. पत्ता निवडता येत असेल तर ओरेगॉन, डेलावेअर किंवा न्यू हॅम्पशायरचा घ्या, तिथे सेल्स टॅक्स नाही.

पेमेंट फेल झालं तर आधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये इंटरनॅशनल ऑनलाइन व्यवहार चालू आहेत का बघा, बहुतेक वेळा तेच बंद असतं. पैसे कटून ऑर्डर कॅन्सल झाली तर दुकान फॉरवर्डरच्या पत्त्यावर पाठवत नसेल, काही दुकानांचा तसा नियमच असतो, पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नका, दुसरं दुकान शोधा. आणि त्याच पार्सलमध्ये पॉवर बँक किंवा जीपीएस घड्याळ घालू नका, लिथियम बॅटरीमुळे बूटसुद्धा अडकतात.

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते आणि ब्लॅक फ्रायडेचा सेल नोव्हेंबरच्या शेवटी, त्यामुळे खूप जण तेव्हाच ऑर्डर टाकतात. त्या गर्दीत पार्सल तीन-चार आठवडे घेऊ शकतं, म्हणजे हातात येईपर्यंत ख्रिसमस, आणि जेमतेम एखादा लाँग रन करून नवीन बूट घालून बेचाळीस किलोमीटर पळायची वेळ. रेससाठी हवे असतील तर सप्टेंबरमध्ये मागवा. आणि घरचं कुणी तिकडून दिवाळीला येणार असेल तर हे काहीच करू नका, त्यांच्या घरी ऑर्डर पाठवा आणि बॅगेत एका जोडीची जागा मागून घ्या.