रिमला चिकटून बसलेला ऑफ-रोड टायर घरी कसा काढायचा

थार, जिप्सी किंवा जुन्या जीपचा टायर रिम सोडेना, की माणूस आधी लांब टॉमी, म्हणजे टायर उचकटायची पहार, शोधतो. टॉमीचं काम खरं तर सगळ्यात शेवटी येतं. टायर अडतो तो बीडपाशी, म्हणजे आत पोलादी तारांचं कडं असलेल्या कडेपाशी. रिमवर बीड बसते तिथे गंज चढला, की तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि पकड घट्ट होते. अलॉय रिमवर हेच काम पांढरी भुकटी करते. पुळणीवर गाडी फिरवून चाकं गोड्या पाण्याने धुतली नाहीत, तर हे लवकर होतं. शिवाय ट्यूबलेस रिमला बीडच्या आतल्या अंगाला एक बारीक उंचवटा असतो. हवा कमी झाली तरी बीड आत घसरू नये, म्हणून तो दिलेला. टायर काढताना बीडला तोच ओलांडावा लागतो.

चाक उतरवलं की आधी व्हॉल्व्हची पिन पूर्ण काढा. नुसतं टोक दाबून हवा सोडू नका. चिखलाने व्हॉल्व्ह तुंबला तर आत हवा राहते, म्हणून छिद्रात बारीक तार घालून पाहा. बॅलन्सिंगची वजनं काढा आणि टायर फिरण्याची दिशा खडूने लिहून ठेवा.

आता भिजवणं. एक लिटर पाण्यात चार-पाच चमचे भांडी घासायचं लिक्विड घाला. रिमच्या कडेची माती आणि गंज तारेच्या ब्रशने खरवडा (अलॉय असेल तर नायलॉनचा ब्रश) आणि दोन्ही बाजूंच्या फटीत पाणी सोडा. वीस मिनिटं थांबा, पुन्हा सोडा. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या चाकाला रात्रभर भिजू द्या. डिझेल, ग्रीस, जुनं इंजिन ऑइल यांतलं काही नको. तेलाने रबर फुगतं, आणि नंतर ब्रेक लागला की टायर रिमवर सरकतो.

बीड सोडवायला घरी सगळ्यात कामाचा बॉटल जॅक, आणि वजन गाडीचंच. हे चाक काढलेल्या गाडीखाली करू नका. दुसरी, चारही चाकांवर उभी असलेली गाडी घ्या. हँडब्रेक ओढा, चाकांना मागून-पुढून दगड लावा. टायर टो-हुकाच्या किंवा चॅसिसच्या मजबूत भागाखाली आडवा ठेवा. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, रिमच्या कडेला अगदी लागून पण कडेवर नाही, असा लाकडी ठोकळा ठेवा. त्यावर जॅक सरळ उभा करून हळूहळू पंप करा. ठोकळा बोटभर जरी बाहेर सरकला तरी सगळा जोर रबरात जिरतो आणि बीड हलत नाही. उलट तो रिमच्या कडेवर चढला तर कड वाकते. साइडवॉल दबून राहिली आणि बीड सुटली नाही, तर जोर वाढवू नका. दाब तसाच ठेवून फटीत साबणपाणी सोडा, पाच मिनिटं थांबा. बऱ्याचदा या थांबण्यातच ‘फट्’ आवाज होऊन बीड खाली जाते. नाहीच गेली तर जॅक उतरवून चाक दहा-पंधरा सेंटिमीटर फिरवा आणि पुन्हा दाबा. दाब असताना हात किंवा तोंड जॅकच्या रेषेत नको. टीपीएमएस सेन्सर (टायरमधला हवेचा दाब मोजणारा) असेल तर व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंची वीतभर जागा सोडून काम करा. एक बाजू सुटली की चाक उलटून दुसरी सोडवा.

गॅसच्या ज्योतीने रिम तापवायचा सल्ला ऐकू नका. तापलेल्या रबरातून पेट घेणारे वायू सुटतात आणि टायर फुटू शकतो. टायर चढलेल्या रिमवर वेल्डिंगही याच कारणाने करायचं नसतं.

मग टॉमी: २४ इंची, गोल टोकाच्या, तीन. रिमच्या मधोमध खोल चर असतो. तो ज्या कडेच्या जवळ असेल ती बाजू वर ठेवा. बहुतेक रिमना ती बाहेरची बाजू असते, तरी टॉर्च मारून बघून घ्या. टॉमी लावली त्याच्या बरोबर समोरची बीड गुडघ्याने दाबून चरात घाला. तेवढी ढील मिळाली की इकडची कड वर येते. साबणपाणी लावून आठ-दहा सेंटिमीटरवर पुढची टॉमी घाला. दोन टॉमींनंतरही सगळं अंग टाकावं लागत असेल, तर समोरची बीड चरातून निसटली आहे. तसंच ओढलं तर आतल्या तारा तुटतात आणि टायर भंगारात जातो. दुसरी बीडही त्याच बाजूने, चाक उभं धरून काढायची.

बीडलॉक रिम (बीड बोल्टच्या रिंगने आवळून धरणारी) असेल तर हवा सोडल्यावर रिंगचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे ढिले करा. जुन्या लष्करी जीपच्या दोन तुकड्यांच्या रिमचे नट आत थोडीही हवा असताना सोडले तर रिम उसळून जीव जाऊ शकतो. व्हॉल्व्हची पिन हातात आल्याशिवाय त्या नटांना पाना लावू नका.

टायर परत चढवण्याआधी रिमवरची बीडची जागा घासून गुळगुळीत करा, नाहीतर हवा रोज थोडी थोडी उतरत राहील. बीड बसवताना ४० पीएसआयच्या वर जाऊ नका. बसलीच नाही तर हवा पूर्ण सोडा, पुन्हा साबणपाणी लावा आणि मग भरा.