झ्वोनिमीर हे क्रोएशियन नाव मराठीत कसे लिहावे, उच्चारावे आणि ओळखावे

क्रोएशियाचा इतिहास, फुटबॉल किंवा गणित यांपैकी कोणत्याही विषयावर मराठीत लिहिणाऱ्याची झ्वोनिमीर या नावाशी कधी ना कधी गाठ पडतेच. इंग्रजी मजकुरावरून ते उतरवले, की ज्वोनिमिर, झ्वॉनिमिर, झवोनीमिर अशी तीन-चार रूपे एकाच लेखात नांदू लागतात. हा घोळ टाळायचा असेल, तर इंग्रजी वळसा न घेता थेट क्रोएशियन उच्चाराकडे जावे. मराठी जिभेला तो वाटतो त्यापेक्षा पुष्कळ सोपा आहे.

पहिला वर्ण रोमन लिपीतला झेड आहे. त्याचा उच्चार ‘जवळ’ किंवा ‘जोर’ या शब्दांतल्या ‘ज’च्या जवळचा आहे, मात्र जीभ दातांमागे टेकवून अडवायची नाही, हवा घासत बाहेर सोडायची. मराठी छापील मजकुरात या ध्वनीसाठी ‘झ’ रुळलेला असल्यामुळे (झाग्रेब, झिदान) येथेही ‘झ’च ठेवावा आणि नुक्ता देऊ नये. पुढचा ‘व’ तर ‘वाट’मधलाच आहे, इंग्रजांसारखे वरचे दात ओठावर दाबण्याचे कारण नाही. ‘झ्व’ हे जोडाक्षर मात्र जोडाक्षरच राहिले पाहिजे. मध्ये ‘अ’ घुसला, तर मराठीत काय अनर्थ होतो, हे सुज्ञांस सांगणे न लगे.

त्यानंतरचा स्वर ‘ओ’ आहे, ‘ऑ’ नव्हे. तो किंचित आखूड उच्चारावा. आघात पहिल्या अवयवावर, म्हणजे ‘झ्वो’वर येतो. शेवटी ‘मिर’ की ‘मीर’, या प्रश्नाचे उत्तर मराठी शुद्धलेखनानेच दिलेले आहे. गरीब, वकील या शब्दांप्रमाणे अकारान्त शब्दातील उपान्त्य इकार दीर्घ लिहावा, हा आपला नियम आहे आणि व्लादिमीर हे रूपही त्याला धरूनच रूढ झाले आहे. योगायोग असा, की प्रमाण क्रोएशियन उच्चारातही हा शेवटचा स्वर दीर्घच आहे. प्रत्यय लावताना झ्वोनिमीरने, झ्वोनिमीरला, झ्वोनिमीरचा असे लिहावे. ‘झ्वोनिमिराने’ हे सामान्यरूप बखरीच्या थाटात शोभले, तरी आजच्या लेखनात ते ओढूनताणून आणलेले वाटते.

क्रोएशियन मजकूर वाचताना खरी कसोटी विभक्तीची असते. मराठीप्रमाणे त्या भाषेतही नामाला विभक्ती लागते, आणि ती विशेषनामाचा शेवटही बदलते. झाग्रेबमधील एका मोठ्या रस्त्याचे नाव ‘उलित्सा क्राल्या झ्वोनिमिरा’ असे आहे. उलित्सा म्हणजे रस्ता, आणि ‘क्राल्या झ्वोनिमिरा’ हे ‘क्राल्य झ्वोनिमीर’, अर्थात राजा झ्वोनिमीर, याचे षष्ठीचे रूप. ते पाहून राजाचे नाव ‘झ्वोनिमिरा’ होते असा समज करून घेऊ नये. गंमत म्हणजे झ्वोनिमिरा हे स्त्रियांचे स्वतंत्र नावही आहे. त्यामुळे असे रूप समोर आले, की क्रियापद व विशेषण पाहून ते बाईचे नाव आहे की पुरुषाच्या नावाची विभक्ती, हे आधी ठरवावे आणि मगच अनुवाद करावा. ‘झ्वोनिमिरोव्ह’ हे रूप आडनावासारखे दिसते, पण ते ‘झ्वोनिमीरचा’ एवढेच सांगते. क्निन या शहराला ‘झ्वोनिमिरोव्ह ग्राद’, म्हणजे झ्वोनिमीरचे शहर, म्हणतात ते याच अर्थाने.

अर्थ सांगताना थोडा संयम हवा. ‘झ्वोन’ म्हणजे नाद, ‘झ्वोनो’ म्हणजे घंटा आणि ‘मीर’ म्हणजे शांतता. अशी दोन पदांची नावे जुन्या स्लाव परंपरेत मुबलक आहेत: ब्रानिमीरमध्ये रक्षणाचा अर्थ आहे, तिहोमीरमध्ये निवांतपणाचा, तर मिरोस्लाव्हमध्ये ‘मीर’ पुढे येऊन मागे कीर्ती जोडलेली आहे. ही पदे जोडताना सामासिक वाक्य घडवण्यापेक्षा दोन शुभ शब्द एकत्र आणण्याकडे लक्ष असे. म्हणून ‘शांततेची घंटा वाजवणारा’ असा रेखीव अर्थ छापण्यापेक्षा दोन्ही पदे वेगवेगळी सांगून थांबणे बरे. आणि आपल्या ओळखीचा फारसी-उर्दू ‘मीर’ अमीर या शब्दापासून आला आहे. त्याचा येथे काडीचाही संबंध नाही.

इतिहासावर लिहिणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे, की या नावाचा सर्वांत प्रसिद्ध धारक, राजा दमितार झ्वोनिमीर, दोन नावांचा होता: दमितार हे ख्रिस्ती नाव, झ्वोनिमीर हे लोकभाषेतले. पोप सातवा ग्रेगरी याच्या प्रतिनिधीने स्प्लितजवळच्या सोलिन येथे त्याला राज्याभिषेक केला. वर्ष बहुधा १०७६ दिले जाते, काही ग्रंथांत १०७५ आढळते. आपल्या लेखात एक वर्ष स्वीकारून शेवटपर्यंत तेच पाळावे. त्याचा मृत्यू १०८९ मध्ये झाला. लॅटिन कागदपत्रांत त्याचा उल्लेख ‘देमेत्रिउस’ आणि ‘सुइनिमिर’ असा येतो, त्यामुळे जुन्या साधनांत शोध घेताना ही रूपेही शोधावीत. क्र्क बेटावरील युरांद्व्होर येथील बाश्का शिलालेखात, जो सुमारे ११०० सालचा असून ग्लागोलिती या जुन्या स्लाव लिपीत कोरलेला आहे, हा राजा चर्चला जमीन दान दिल्याबद्दल ‘क्रोएशियन राजा’ या बिरुदासह उल्लेखिलेला आहे. दानपत्रे आणि शिलालेख चाळणाऱ्या मराठी वाचकाला हा प्रकार परका वाटणार नाही. मूळ शिळा आज झाग्रेबच्या विज्ञान व कला अकादमीत आहे. राजाला स्वतःच्याच लोकांनी ठार मारले आणि मरताना त्याने त्यांना शाप दिला, ही कथा मात्र आख्यायिका म्हणूनच सांगावी. इतिहासकारांत तिच्याविषयी एकमत नाही.

आधुनिक काळातील धारकांचा उल्लेख करताना पहिल्या खेपेस पूर्ण नाव द्यावे आणि पुढे आडनाव वापरावे, कारण नुसत्या ‘झ्वोनिमीर’ने राजाचा बोध होतो. झ्वोनिमीर बोबान १९९८ च्या विश्वचषकात तिसरे स्थान मिळवणाऱ्या क्रोएशियन फुटबॉल संघाचे कर्णधार होते. गणितज्ञ झ्वोनिमीर यान्को (१९३२–२०२२) यांनी १९६५ मध्ये १,७५,५६० घटकांचा एक विरळा सान्त गट, म्हणजे कोणत्याही नियमित मालिकेत न बसणारी मर्यादित घटकांची गणिती रचना, मांडला. एकोणिसाव्या शतकातील माथ्यू गटांनंतर या जातीचा तो पहिलाच गट होता, आणि असे चार गट आज यान्को यांच्या नावाने ओळखले जातात. माझ्या मते या नावाचा जगातला सर्वांत टिकाऊ ठसा हाच. शंभर वर्षे जगलेले अभिनेते झ्वोनिमीर रोगोझ (१८८७–१९८८) हेही याच नावाचे. तथापि नावावरून राष्ट्रीयत्व ठरवू नये: फुटबॉलपटू झ्वोनिमीर वुकिच हे सर्बियाचे आहेत.

प्रत्यक्ष भेटीत किंवा पत्रात संबोधताना पहिल्या ओळखीला ‘गोस्पोदिने’, म्हणजे श्रीयुत, हा शब्द आडनावाआधी जोडावा. जवळीक झाल्यावर हाक ‘झ्वोनिमिरे’ अशी संबोधन विभक्तीत मारली जाते, आणि घरात, मित्रांत ‘झ्वोन्को’ किंवा ‘झ्वोने’ ही लाडकी रूपे चालतात. झ्वोन्को हे कित्येकांचे दप्तरी नावही असते. म्हणून कागदावर झ्वोन्को असलेल्या गृहस्थांचे नाव आपण होऊन झ्वोनिमीर असे ‘सुधारून’ लिहू नये.