शेवटचा युरिया आणि चाळीतला कांदा

दोन वर्षं माझा रब्बी कांदा चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, टिकत नव्हता. शेतात मात्र बघत राहावं असा: गर्द हिरवी पात, मोठाले कांदे. पण चाळीत भरला की दीड महिन्यात कोंब, खाली पाणी सुटलेलं, वास. मी चाळीलाच दोष देत बसलो, पत्रे उंच केले, हवा खेळती केली. फरक शून्य.

मग सडलेले कांदे निवडताना लक्षात आलं, बहुतेकांच्या माना, म्हणजे कांद्यातून पात निघते तो भाग, जाड होत्या. जाड मान नीट सुकत नाही, ओली राहते आणि बुरशी तिथूनच आत शिरते. आणि माना जाड का? तर लावणीनंतर साठाव्या-पासष्टाव्या दिवशी 'कांदा फुगू दे' म्हणून मी टाकलेला युरिया. त्यात 46 टक्के नत्र, म्हणजे नायट्रोजन. पोसायच्या वेळी पिकाला पातच वाढवायला लावत होतो की!

पुढच्या हंगामात नत्राचे तीन हप्ते केले: लावणीला, 30 दिवसांनी, 45 दिवसांनी. त्यानंतर हात बांधले. (पात जरा फिकी दिसली की हात शिवशिवतातच.) स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश) आणि गंधक लावणीआधीच दिलं. काढणीआधी पंधरा दिवस पाणी तोडलं, निम्म्या माना पडल्यावर उपटला, पातीसकट सुकवला.

कांदा थोडा लहान निघाला, वजनही किंचित कमी भरलं. पण माना बारीक, पत्ती घट्ट. चार महिन्यांनी चाळ उघडली तेव्हा सड होती, पण पाट्यांनी मोजण्याइतकी. आधी ट्रॉलीने बाहेर काढायचो.