यहुदी शाळेत मुलांच्या मनाची काळजी कशी घ्यावी

लाजणारा शिकत नाही आणि चिडणारा शिकवू शकत नाही, असे प्राचीन यहुदी धर्मगुरू हिल्लेलने सांगून ठेवले आहे. यहुदी शिक्षण देणाऱ्याने त्यातला दुसरा भाग रोज स्वतःला लावून पाहावा, कारण वर्गातले मूल गप्प बसते ते बहुतेक वेळा आळसामुळे नव्हे, तर चारचौघांत चुकण्याच्या भीतीमुळे.

ही भीती सर्वांत जास्त दाटते ती 12-13 व्या वर्षी, बात किंवा बार मित्झ्वाच्या, म्हणजे मुलगी किंवा मुलगा धर्माच्या दृष्टीने सज्ञान होण्याच्या सोहळ्याच्या, तयारीत. त्यात तोरा या यहुदी धर्मग्रंथातला उतारा सर्वांसमोर वाचायचा असतो. तोराच्या हिब्रू गुंडाळीत स्वरचिन्हे नसतात, सुरांच्या खुणाही नसतात. ते सारे मुलाला पाठ करावे लागते, आणि वाचताना अर्थ बदलणारी चूक झाली की शेजारी उभा असलेला मोठा माणूस ती तिथल्या तिथे दुरुस्त करतो. हा क्षण सरावातच आणावा. मुद्दाम मध्ये थांबवून शब्द सांगावा, मुलाने श्वास घेऊन तो पुन्हा म्हणावा, आणि मोठ्यांनाही असेच थांबवले जाते हे त्याला प्रत्यक्ष दाखवावे. तरीही ताण उतरत नसेल, तर उतारा लहान करावा. एका वाचनाला 3 वचने पुरतात. सोहळ्याच्या थाटासाठी मुलाची झोप उडवणे मला तरी कधीच पटलेले नाही.

एरवी हेव्रुता, म्हणजे जोडीने पाठ वाचण्याची जुनी पद्धत, फार उपयोगी पडते. मात्र जोड्या शिक्षकाने लावाव्यात, नाहीतर तेच एक मूल दर वेळी उरते. मनातली चिंता दुसऱ्याला सांगावी, असा बायबलच्या नीतिसूत्रे या पुस्तकातल्या एका वचनाचा अर्थ तालमूद या यहुदी धर्मचर्चेच्या ग्रंथात लावलेला आहे. म्हणून पाठानंतर 5 मिनिटे कोणाशीही बोलता येईल अशी मोकळी ठेवावीत. होलोकॉस्टचा, म्हणजे नाझींनी केलेल्या यहुद्यांच्या संहाराचा, विषय शिकवण्याच्या दिवशी तर ती ठेवावीतच. लहान मुलांना त्या दिवशी भयंकर छायाचित्रे दाखवू नयेत.

एखाद्या किशोराच्या बोलण्यात जीव देण्याचा विचार डोकावला, तर त्याला सरळ शब्दांत विचारावे, एकटे सोडू नये आणि गुप्ततेचे वचन देऊ नये. कोणाबद्दल वाईट बोलू नये हा यहुदी धर्मातला नियम इथे आड येत नाही. जीव वाचवणे शब्बाथच्या, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी सुरू होणाऱ्या साप्ताहिक विश्रांतीच्या दिवसाच्या, बंधनांहूनही वरचे आहे. त्यामुळे शुक्रवारची संध्याकाळ असली तरी आईवडिलांना आणि डॉक्टरांना फोन त्याच क्षणी करावा.